जोर केल्याची जखम

गुदाशयाच्या आतल्या भिंतीला चिमटा काढला तर माणसाला ते कळत नाही. दुर्बीण घालून डॉक्टर तिथला तांदळाच्या कणीएवढा तुकडा तपासणीसाठी काढून घेतात. त्यासाठी ती जागा बधिर करावी लागत नाही, आणि पेशंट मागाहून विचारतो, "घेतला का तुकडा?" तिथून जेमतेम दोन बोटं खाली, गुदद्वाराच्या तोंडाशी नखाएवढी चीर पडली, म्हणजे आपण ज्याला फिशर म्हणतो ते झालं, तर मात्र भलाभला गडी सकाळी संडासात जायला घाबरतो.

दोन बोटांच्या अंतरात एवढा फरक पडतो, कारण तिथे एक जोड आहे. गर्भात आतड्याचं शेवटचं टोक वरून खाली येतं आणि बाहेरची त्वचा खालून आत वळते. मधे एक पातळ पडदा असतो. गर्भ साधारण आठ आठवड्यांचा होतो तेव्हा तो फाटतो आणि वाट मोकळी होते. जोडाची रेघ मात्र जन्मभर राहते. तिची कड बारीक दातेरी दिसते म्हणून डॉक्टर तिला डेंटेट लाइन म्हणतात. तिच्या वरचं अस्तर आतड्याचं असतं. त्याला ताणलेलं कळतं, फुगलेलं कळतं, कापलेलं कळत नाही. खालचं अस्तर त्वचेचं, त्याला सगळंच कळतं. गुदाशयातली जखम वर्षानुवर्षं दडून राहू शकते, याचं निम्मं कारण या रेघेत आहे.

जोडाच्या या जागी जे काम चालतं ते बघून मी तरी थक्क झालो. गुदाशयात काही उतरलं की आतला झडपेचा स्नायू आपोआप क्षणभर सैल पडतो. लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी १८७७ साली हे नोंदवून ठेवलं. त्या क्षणात वरचा ऐवज थोडासा खाली येऊन जोडाजवळच्या संवेदनशील अस्तराला टेकतो, आणि तिथल्या मज्जातंतूंची टोकं निवाडा देतात की हा वारा आहे, पातळ आहे की घट्ट. मग झडप मिटते. तासाभरात हे अनेकदा होतं. आपण मीटिंगमध्ये असतो, एसटीत डुलक्या घेत असतो, पंगतीत जिलबी वाढून घेत असतो, आणि आपल्याला पत्ता नसतो. चारचौघांत वारा सोडायला हरकत नाही की जरा थांबलेलं बरं, हा निर्णय आपण ज्या भरवशावर घेतो तो भरवसा या बोटभर जागेनं दिलेला असतो. माणसाच्या मेंदूवर आणि डोळ्यांवर इतकं लिहून येतं, या जागेवर कुणी चकार शब्द काढत नाही.

आता या गोष्टीतला मुख्य स्नायू. त्याचं नाव प्युबोरेक्टॅलिस. जांघेच्या मधोमध पुढच्या बाजूला जे हाड लागतं तिथून तो निघतो, मागे जातो, गुदाशयाला पाठीमागून वळसा घालतो आणि परत त्याच हाडाला येऊन मिळतो. शेतात पाखरं हाकायला गोफण वापरतात, तिच्या दोन दोऱ्या हातात आणि मधला पट्टा खाली दगडाला धरून, अगदी तशी त्याची रचना आहे. दगडाच्या जागी गुदाशय. ही गोफण दिवसरात्र, झोपेतसुद्धा, ताणलेली असते आणि गुदाशयाला पुढे ओढून त्याच्या वाटेत जवळपास काटकोनाचं वळण तयार करते. वळण आहे तोवर मळ आपल्या जागी राहतो. शौचाला बसल्यावर गोफण सैल पडायची, वळण उलगडायचं आणि पोटाच्या हलक्या दाबानं काम व्हायचं, असा निसर्गाचा बेत आहे.

उकिडवं बसलं की हे वळण जास्त उलगडतं. इस्राएलच्या डोव्ह सिकिरोव्ह यांनी २००३ साली एक सरळसाधा प्रयोग प्रसिद्ध केला. २८ निरोगी माणसांना त्यांनी वेगवेगळ्या पद्धतींनी शौचाला बसवलं आणि घड्याळ लावलं. उकिडवं बसल्यावर सरासरी ५१ सेकंद लागले, नेहमीच्या उंचीच्या कमोडवर १३० सेकंद. हे वाचून आपल्याकडचे काहीजण लगेच भारतीय पद्धतीच्या संडासाचा झेंडा घेऊन निघतील. जरा दमानं घ्यावं. उकिडवं बसणाऱ्या आपल्या देशातही जोर करून गुदाशयात व्रण झालेले पेशंट सापडतातच. बसण्याच्या पद्धतीनं वाट सोपी होते, पण गोफणीनं ऐन वेळी सैल पडायचं नाहीच असं ठरवलं तर उकिडवं बसूनही सुटका नाही.

आणि ती कधीकधी तसंच करते. माणूस जोर करतो, कुंथतो, आणि त्याच क्षणी सैल पडायचा स्नायू उलट आवळला जातो. पेशंटला याची जाणीव नसते. त्याला एवढंच कळतं की आत काहीतरी आहे आणि बाहेर येत नाही. म्हणून तो आणखी जोर करतो. वरून पोटाचा दाब, खाली बंद वाट, आणि मधे गुदाशयाचं मऊ अस्तर. ते घडी पडून खाली घसरतं, विशेषतः पुढच्या भिंतीचं. घसरलेली घडी आवळलेल्या स्नायूवर दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता तुटतो, घर्षण होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गंमत अशी, आणि यात गमतीपेक्षा हालच जास्त आहेत, की खाली उतरलेली ती घडी मेंदूला मळासारखीच वाटते. आतून निरोप येतो की अजून राहिलंय. काढण्यासारखं काही नसताना माणूस अर्धा-अर्धा तास बसून स्वतःचंच अस्तर बाहेर ढकलत राहतो. काहीजण शेवटी बोट घालून काढायचा प्रयत्न करतात, आणि त्यानं अस्तराला आणखी इजा होते.

महिने, वर्षं असं चाललं की त्या जागी व्रण होतो. इंग्रजी वैद्यकात त्याचं नाव सॉलिटरी रेक्टल अल्सर सिंड्रोम, म्हणजे गुदाशयातला एकुलता व्रण. नाव ऐकून फसू नये. पुष्कळ पेशंटांमध्ये व्रण एकाहून जास्त असतात, कित्येकांमध्ये व्रण नसतोच, नुसता लाल चट्टा किंवा मोडासारखी वाढलेली गाठ असते. पण नाव चिकटलं ते चिकटलं. पॅरिसचे शरीरविकृतीतज्ज्ञ झाँ क्रुव्हेलिए यांनी १८२९ च्या सुमारास असे व्रण पहिल्यांदा वर्णन केले. त्यानंतर सुमारे एकशे चाळीस वर्षं हा आजार किरकोळ नोंदींपुरता उरला. त्याची शिस्तशीर ओळख १९६९ साली पटली, लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमध्ये, जेव्हा मॅडिगन आणि मॉर्सन या दोघांनी ६८ पेशंटांची तपासणी एकत्र मांडली.

सेंट मार्क्सबद्दल दोन ओळी सांगायलाच हव्यात. फ्रेडरिक सॅमन नावाच्या सर्जननं १८३५ साली सात खाटांवर हे हॉस्पिटल सुरू केलं, भगंदर आणि गुदाशयाच्या इतर आजारांनी त्रासलेल्या गरिबांसाठी. या दुखण्याचा उच्चार करायलाही लोक लाजत होते तेव्हाची ही गोष्ट. खुद्द चार्ल्स डिकन्स यांचं भगंदराचं ऑपरेशन १८४१ साली याच सॅमन यांनी केलं. भूल देण्याची पद्धत तेव्हा अजून आलेली नव्हती.

आता मला सगळ्यात नवल वाटतं त्या भागाकडे येतो. आतड्याचं अस्तर हे शरीरातल्या सर्वात झपाट्यानं नव्या होणाऱ्या भागांपैकी आहे. अस्तरात बारीक विहिरींसारखे खळगे असतात, त्यांच्या तळाशी मूळपेशी असतात. त्या सतत नव्या पेशी तयार करतात, नव्या पेशी वर सरकतात, जुन्या गळून पडतात. साधारण तीन ते पाच दिवसांत पृष्ठभाग नवा. तपासणीसाठी घेतलेल्या तुकड्याची जखम थोड्याच दिवसांत मागमूस न ठेवता भरते. ज्या अस्तराला आठवड्याच्या आत अंग बदलायची सवय आहे, त्याच अस्तरावर एखादा व्रण पाच-पाच वर्षं का टिकावा?

कारण तो रोज नव्यानं होतो. याची साक्ष काचेच्या पट्टीवर मिळते. व्रणाच्या कडेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर एक विलक्षण चित्र दिसतं. अस्तराच्या खाली स्नायूचा एक पातळ थर असतो. निरोगी गुदाशयात तो आपल्या जागी आडवा पसरलेला असतो आणि वरच्या खळग्यांच्या मधल्या मऊ जागेत त्याचं काही काम नसतं. या आजारात तो थर जाड होतो आणि त्याचे तंतू खळग्यांच्या मधून सरळ वर चढायला लागतात, सोबत चिवट तंतुमय ऊती. एरवी गोल, सरळ दिसणारे खळगे दाबले जाऊन शंकरपाळ्याच्या आकाराचे दिसतात. हे जंतूनं होत नाही, आम्लानं होत नाही. सतत ओढलं गेलेलं, मुरगळलं गेलेलं अस्तर असं होतं. पेशंटनं तोंडानं कबूल केलं नाही तरी तो रोज किती कुंथतो ते पॅथॉलॉजिस्ट पट्टीवर वाचतो. हे मला कुठल्याही रहस्यकथेपेक्षा भारी वाटतं.

ही पट्टी वाचण्याची पाळी मात्र उशिरा येते. आपल्याकडे शौचातून रक्त पडलं की घरात, शेजारात आणि मेडिकलच्या काउंटरवर निदान एकच: मूळव्याध. मग मलम, मग कुणीतरी सांगितलेली पुडी, मग भिंतीवर "विना ऑपरेशन" लिहिलेला दवाखाना. रक्ताबरोबर आव पडते म्हणून जंताची किंवा अमिबाची औषधं पुन्हा पुन्हा घेतली जातात. दुर्बीण घातली तरी फसगत होऊ शकते. व्रण पाहून आतड्याच्या दीर्घकाळच्या सुजेचा आजार वाटतो, गाठ पाहून चक्क कॅन्सर. जगात काही पेशंटांची कॅन्सर समजून मोठी ऑपरेशनंही झालेली आहेत. याच्या उलट चूक आणखी वाईट. खरा कॅन्सर असताना मूळव्याध म्हणून वर्ष घालवणारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीत एखादे तरी असतात. म्हणून रक्त पडत असेल तर डॉक्टरांनी बोटानं आणि दुर्बिणीनं तपासलंच पाहिजे, आणि संशय असेल तर तुकडा काढलाच पाहिजे. वजन उतरतंय, हिमोग्लोबिन खाली गेलंय, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय, किंवा चाळिशी-पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय अचानक बदललीय, तर एक दिवसही ढकलू नये.

हा आजार फार लोकांना होत नाही. वर्षाला लाखात एखादा, असा अंदाज पुस्तकांत दिलेला असतो. मूळव्याधीच्या नावाखाली किती दडलेत ते धरलं तर आकडा वाढेल असं मला वाटतं. तरुण पुरुष-बायका यात जास्त, पण शाळकरी मुलांमध्येही तो सापडतो आणि मुलांमध्ये हमखास चुकतो, कारण मूल संडासात किती वेळ बसतं ते आईवडिलांना माहीत असतं, पण डॉक्टरांनी विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

डॉक्टरही मोठ्यांना नीट विचारत नाहीत, ही माझी तक्रार आहे. "पोट साफ होतं का?" हा प्रश्न पुरेसा नाही. यावर आपण सगळे "होतं की" म्हणतो. किती वेळ बसता, दिवसातून किती वेळा जाता, जोर करावा लागतो का, उठल्यावर राहिल्यासारखं वाटतं का, बोट घालावं लागतं का, हे एकेक करून विचारावं लागतं. शेवटच्या प्रश्नावर पेशंट खाली बघतो. तिथेच निदान असतं.

पुढच्या तपासण्या पाहिल्या तर त्यांत थोडी नाटकाची मजा आहे. एकीत गुदाशयात छोटा फुगा ठेवतात, त्यात ५० मिलिलिटर पाणी भरतात आणि पेशंटला आडोशाला बसून तो बाहेर टाकायला सांगतात. निरोगी माणूस साधारण मिनिटभरात टाकतो. ज्याची गोफण आवळते त्याला फुगा निघत नाही. दुसरीत बेरियमची घट्ट पेस्ट आत भरून पेशंटला कमोडवर बसवतात आणि तो ती बाहेर टाकत असताना क्ष-किरणांनी चित्रण करतात. आतली घडी खाली घसरताना आणि वळण न उलगडता तसंच राहिलेलं पडद्यावर साक्षात दिसतं. हल्ली हेच एमआरआयवरही करतात.

उपचाराच्या बाबतीत पेशंटची पहिली मागणी असते ती व्रणावर काहीतरी लावायची. तसं औषध आहेही. सुक्रालफेट हे पोटाच्या अल्सरसाठी वापरलं जाणारं औषध जखमेवर चिकटून थर धरतं. ते पाण्यात मिसळून एनिमासारखं आत सोडतात. श्रीनगरच्या डॉक्टरांनी १९९१ साली अशा मोजक्या पेशंटांचा अनुभव प्रसिद्ध केला. व्रण भरले, त्रास कमी झाला, पण सूक्ष्मदर्शकाखालचं ते चित्र, वर चढलेले स्नायूतंतू, तसंच राहिलं. माझ्या मते या आजाराबद्दलची सगळ्यात बोलकी नोंद हीच. वरून जखम बुजली तरी ती करणारी ओढ आत शिल्लक होती.

म्हणून उपचाराची खरी सुरुवात बसण्यापासून होते. कळ आली की जायचं, पुढे ढकलायचं नाही. चहा-नाश्त्यानंतर मोठं आतडं आपसूक हलतं, ती वेळ साधायची. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल, कोपर गुडघ्यांवर, पोट सैल. पाच-सात मिनिटांत झालं नाही तर उठायचं, मोबाइल बाहेर ठेवायचा. "राहिलंय" असं वाटलं तरी उठायचं, कारण ते वाटणं खोटं असू शकतं. हे शेवटचं ऐकायला सोपं आणि करायला फार अवघड आहे.

मग आहार. इथे इसबगोलाचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. गुजरात-राजस्थानातल्या कोरड्या शेतांत वाढणारं हे रोप, उंझ्याच्या बाजारातून जगभर जाणारी त्याच्या बियांची टरफलं. ती पाण्यात फुगून गिळगिळीत होतात एवढं आपल्याला ठाऊक असतं. खरी करामत पुढे आहे. धान्य-कडधान्यांतला बराचसा चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू खाऊन टाकतात, पण इसबगोल त्यांना फारसा फोडता येत नाही, त्यामुळे धरलेलं पाणी तो शेवटपर्यंत सोडत नाही आणि मळ मऊ राहतो. जिवाणूंनी खाल्लेला चोथाही वाया जात नाही. त्यापासून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातून घेतात. बाजरीच्या भाकरीबरोबर उसळ खाणारा माणूस आपल्या आतड्याचं अस्तरही जेवू घालत असतो. इसबगोल आणि हा चोथा दोन्ही हवेत, हळूहळू वाढवत, आणि भरपूर पाण्याबरोबर. इसबगोल कोरडा तोंडात टाकायचा नाही, तो घशात फुगून अडकू शकतो. गोफणच आवळत असेल तर नुसता चोथा वाढवून पोट फुगतं आणि माणूस वैतागतो, हेही खरं.

गुदाशयातले सगळे व्रण या एका गोष्टीत बसत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांत खडा झालेला मळ भिंतीवर दाबून व्रण पाडतो, आणि त्यातून एकाएकी खूप रक्त जाऊ शकतं. दुखत काहीच नाही म्हणून घरच्यांना चादर बघूनच कळतं. वेदनाशामक गोळ्या गुदद्वारातून वारंवार घेणाऱ्यांतही व्रण होतात. तिथे उपाय वेगळे. आणि गुदाशय पुरा बाहेर येत असेल किंवा आतली घडी फार मोठी असेल तर ऑपरेशन करून तो वर ओढून पक्का बसवतात. ऑपरेशननंतरही कुंथायची सवय तशीच राहिली तर त्रास परतू शकतो.

सवय मोडायची शाळा म्हणजे बायोफीडबॅक. पेशंटच्या गुदद्वारात बोटाएवढी बारीक नळी घालतात किंवा भोवती चिकटपट्ट्यांसारखे इलेक्ट्रोड लावतात आणि समोरच्या पडद्यावर त्याच्या स्नायूची रेघ उमटते. जोर कर म्हटलं की रेघ खाली यायला हवी. इथे ती वर जाते. बहुतेकांना तोवर पटत नसतं की आपण उलटं करतोय. मग प्रशिक्षक पोटानं श्वास घ्यायला, ओटीपोट फुगवायला, खालचा भाग ढिला सोडायला शिकवतात. काही बैठकींत रेघ हळूहळू खाली यायला लागते. पोहणं किंवा सायकल शिकण्यासारखं हे अंगात उतरावं लागतं, गोळीनं होत नाही. महाराष्ट्रात मोठ्या शहरांतल्या काही हॉस्पिटलांत ही सोय आहे, तालुक्याच्या गावी मिळणं कठीण.

२००४ साली सेंट मार्क्सच्याच डॉक्टरांनी १६ पेशंटांवर हे शिक्षण करून पाहिलं आणि आधी-नंतर लेझरनं गुदाशयाच्या अस्तरातला रक्तप्रवाह मोजला. तीन चतुर्थांश पेशंट म्हणाले, बरं वाटतंय. आणि ज्यांना बरं वाटलं त्यांच्या अस्तरातला रक्तप्रवाह खरोखर वाढलेला होता. व्रणाला कुणी हात लावला नव्हता. माणसं फक्त जोर न करता बसायला शिकली होती.